काच फुंकणाऱ्याचे हात

आमच्या शेजारी शिलाईवाल्या काकू राहतात. काका काचेच्या कारखान्यात होते. भट्टीतली वितळलेली काच लांब नळीने फुंकून बरण्या करायचे. संग्रहालयात जुन्या उद्योगांचं दालन उघडायचं ठरलं, तेव्हा एक शिल्पकार कारखान्यात आला आणि त्याने नेमके काकाच निवडले. त्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर प्लास्टर थापून साचे काढले. दालन उघडलं त्याच वर्षी काकांची फुप्फुसं निकामी झाली आणि ते गेले. मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

काकू मग अधूनमधून संग्रहालयात जाऊ लागल्या. वरच्या मजल्यावरची चित्रं, तळमजल्यावरचा देवमाशाचा सांगाडा, यांच्या वाटेला त्या कधी गेल्या नाहीत. सरळ त्या दालनात जायच्या आणि तोंडाला नळी लावलेल्या पुतळ्यासमोर बाकावर बसायच्या. "घरी कधी माझ्यावर गाल फुगवले नाहीत," म्हणायच्या, "इथे मात्र कायमचे फुगवून उभे आहेत." पुतळ्याच्या सदऱ्याला कसर लागली, तेव्हा परवानगी काढून नवा त्यांनीच शिवला. माप घ्यावं लागलं नाही.

मुलगी, म्हणजे आमची ताई, लहानपणी एकदा गेली ती रडतच परतली. त्यानंतर तिकडे फिरकली नाही. "प्लास्टरला बाबा म्हणायला मला नाही जमणार," म्हणायची. काकूंनी आग्रह धरला नाही. "तिने त्यांना बघितलंच कुठे?" एवढंच एकदा मला म्हणाल्या.

यंदा ते दालन मोडायचं ठरलं. संग्रहालयाच्या प्रमुखांनी स्वतः फोन केला. "काकू, पुतळा आता कोठारात जाईल. तुम्हाला हवा असेल तर घरपोच करतो."

"दोन खोल्यांत कुठे उभं करू त्यांना, साहेब? आणि घरात असून बोलत नाहीत, हे मला सोसायचं नाही."

शेवटच्या दिवशी काकू निघाल्या, तेव्हा ताईनेही चपला घातल्या.

पुतळ्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. "मला काहीच वाटत नाही गं, आई."

"तोंडाकडे बघू नकोस. गाल त्या शिल्पकाराने मागाहून फुगवले, तेव्हा चेहरा बदलला. हात बघ. हात त्यांचेच आहेत."

ताई वाकली. पेरांवरच्या सुरकुत्या, अंगठ्यावरचा भाजल्याचा वण, सगळं साच्यात उतरलं होतं. करंगळी आत वळलेली होती, ताईची आहे तशीच. रखवालदाराने तोंड फिरवलं. ताईने दोरीपलीकडे हात लांबवून त्या हातावर ठेवला.

"गार आहे गं," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

प्रमुख जवळच होते. हळूच म्हणाले, "हवे तर हात तेवढे वेगळे काढून देतो."

ताईने आईकडे पाहिलं.

"नको," काकू म्हणाल्या. "माणूस अख्खा राहू दे."

हमालांनी पुतळा ढकलगाडीवर आडवा केला. मायलेकी कोठाराच्या दारापर्यंत गाडीबरोबर चालत गेल्या.

त्या संध्याकाळी ताईने पहिल्यांदाच विचारलं, "बाबा हसायचे कसे?" काकूंनी हातातली शिलाई बाजूला ठेवली. त्यांना ते नीट सांगता येईना. तरी बराच वेळ त्या सांगत राहिल्या.