येऊन राहिली

संपादकांचा मेल शनिवारी आला आणि तेव्हापासून माझा पाय घरात ठरेना. गोष्ट स्वीकारली होती. पुण्याचं मासिक, आणि माझी छापून येणारी पहिलीच गोष्ट. पेढे वाटायचे सोडून मी घरात ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होते.

रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला सरांकडे गेले. आम्ही तिघं लिहिणारी दर महिन्याला त्यांच्या गॅलरीत बसतो. सर निवृत्त मास्तर, माझी मैत्रीण हिवरखेडची, झेडपीच्या शाळेत शिकवते आणि कविता करते, आणि तिसरी मी. लिहिलेलं ऐकून 'छान' म्हणायला आमच्यात बंदी आहे. जो म्हणेल त्यानं चहा करायचा. त्यामुळे चहा बहुतेक वेळा मैत्रीणच करते, तिच्यानं राहवत नाही. ही गोष्ट मी वैतागून फाडायला काढली की ती कागद ओढून घ्यायची. "मायले फाडतं काय? दे इकडं."

गोष्ट माझ्या आईचीच होती. ती चांदूर बाजारहून एसटीनं माझ्याकडे निघाली, मी स्टँडवर उभी. फोन करून विचारलं, कुठं आहेस? ती म्हणाली, "येऊन राहिली." आमच्याकडे याचा अर्थ येतेय, वाटेतच आहे. त्या वाटेतच ती गेली. तिचं जाणं न लिहिता गोष्ट मी तिच्या त्या दोन शब्दांवर संपवली होती.

संपादकांनी लिहिलं होतं, "शेवटी आई लेकीकडे येऊन राहिली, हे वाचून फार बरं वाटलं. शेवटच्या शब्दांना अवतरणचिन्हं चुकून पडली होती, ती काढली आहेत."

मी मेल वाचून दाखवला. सर खो-खो हसले. "घ्या! आपन येऊन राहिलो म्हनतो, अन् त्यायले वाटते मुक्कामालेच आले." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी हसू आवरलं. म्हणाले, "राहू दे तसंच. सुखाचा शेवट आवडला त्यायले. आता सांगशीन, तर गोष्टच परत करतीन."

"काहून?" मैत्रीण उसळली. "माय तिची, शेवट तिचा."

"तुले छापून यायची किंमत नाही."

दोघांची जुंपली. मी गॅलरीत येरझारा घालत होते. गोष्ट परत येईल ही धास्ती मलाही होतीच, पण जीव खात होतं ते वेगळंच. मला ती चूक आवडली होती. रात्रभर मी तो मेल पुन्हा पुन्हा उघडला, कारण त्यात आई पोचली होती. एका परक्या माणसानं तिला माझ्या घरी आणून बसवलं होतं. आता मीच तिला उठवू? हे मी बोलून टाकलं आणि मला रडू आलं.

मैत्रीण जवळ येऊन बसली. "पाहय," ती म्हणाली, "तसं छापलं तर माय राहीन, पन ती तुही नसन. त्यायची असन. लाव फोन. आमी आहो न इथंच." सरांनी मुकाट्यानं मेलखालचा नंबर वाचून दिला.

रविवार असूनही संपादकांनी फोन उचलला. मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे ते त्यांचं फोनवरचं बोलणं आहे? त्या वाटेत होत्या?"

"हो."

"मग पोचल्या का?"

नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मलाही ते तोंडानं कधी म्हणावं लागलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही पोचली."

मैत्रिणीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना म्हणाली, "ते चिन्हं तेवढे परत टाका जी. बोलून राहिली ना ती तिथं."