ही भिंत कुणी केली?

बेळगावच्या वडगावात आम्ही दोघी ज्या खोलीत राहत होतो, तिच्या मालकिणीची एकच अट होती. "पाणी जास्त वापरलं तर मी काय बोलणार न्हाय, पावनं आलं तरी काय बोलणार न्हाय. पण माझ्या भितीला मोळा मारायचा न्हाय." भीत म्हणजे भिंत, मोळा म्हणजे खिळा. खाली त्यांचे चार माग चालायचे, वर एक खोली आणि मोरी. भिंतींना नुकताच पोपटी रंग दिलेला होता आणि त्या रंगाचा त्यांना फार अभिमान होता.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून येऊन बेळगावात एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागले होते. माझ्याबरोबर राहणारी माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, निपाणीजवळच्या एका गावची. मी तिला आक्का म्हणायचे. शहापुरात एका टेलरच्या दुकानात ती ब्लाऊज शिवायची. लग्न होऊन तिसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्यानं दुसरा संसार मांडला आणि हिला भावाच्या दारात आणून सोडलं. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात भाकरी थापता थापता सांगून टाकलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

भिंतीचा नाद तिचाच. पहिल्या महिन्यात ती जेवताना म्हणाली, "असल्या भितीकडं बघून घास उतरत न्हाय गं. दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीच्या गजापासून माळ्याच्या लोखंडी कडीपर्यंत सुतळी ताणली आणि तिच्यावर एक जुनी साडी चुण्या घालून सोडली. खिळा नाही, काही नाही. खोली एकदम राहती वाटायला लागली.

मग तिला थांबवणं कठीण झालं. मागावर सूत संपलं की पुठ्ठ्याचे कोन उरायचे, साड्यांच्या काठांचे तुकडे उरायचे. मालकीण ते बंबात घालायची. आक्कानं ते मागून आणले. कोन कात्रीनं कापून त्याच्या बांगड्या करायच्या, त्यावर काठ गुंडाळायचे, ओवून माळा करायच्या. मोबाइलवर भाड्याच्या घरांचे व्हिडिओ बघून एकदा तिनं दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. टेप काढताना तिच्याबरोबर तळहाताएवढा पोपटी रंग निघून आला. आम्ही दोघी त्या डागाकडं बघत बसलो आणि मग इतकं हसलो की खालून मालकिणीनं विचारलं, "काय झालं गं?" त्या दिवसापासून आक्काचा नियम झाला. आधी भिंतीला कागदी टेप, ती नरम असते, रंग ओढत नाही. तिच्यावर दोन्ही बाजूंची टेप. काढताना इस्त्री कोमट करून वरून फिरवायची. तो डाग तिनं खडूची पूड आणि पोपटी वॉटरकलर कालवून असा बुजवला की मालकिणीला शेवटपर्यंत कळलं नाही.

तीन वर्षं आम्ही तिथं राहिलो. त्या खोलीत हसले तेवढी मी पुन्हा कुठं हसलेली नाही.

मला स्थळ आलं ते सुगीनंतर. मुलगा काकतीजवळच्या एका कारखान्यात नोकरीला, घर बेळगावातच. मुलाच्या आईचे गुडघे दुखायचे आणि आमच्या गावचा रस्ता उखडलेला. म्हणून ठरलं की पाहुणे आमच्या खोलीवरच येतील, जिना काय, दहाच पायऱ्यांचा. रविवारी अकरा वाजता. आई गुरुवारीच आली. येताना भाताच्या लोंब्यांची एक पेंढी घेऊन आली, नव्या भाताची. घरात लावायला म्हणून.

आक्कानं ती पेंढी हातात घेतली आणि वास घेतला. म्हणाली, "आता बघ तू."

तीन दिवस ती दुकानातून आली की भिंतीला लागायची. तुझ्या गावाकडं काय काय असतं, असं मला विचारायची. मी सांगायचे, ती कापायची. मधोमध लोंब्या विणून केलेलं तोरण, त्याच्या दोन्ही बाजूंना काठांच्या माळा, खाली कागदाचे बगळे. बगळे का, तर मी बोलता बोलता म्हटलं होतं की नांगरटीच्या वेळी आमच्या शेतात बगळे उतरतात. माझी आई चहा पिता पिता बघायची आणि म्हणायची, "काय हात हाय गं पोरी तुझा!"

शनिवारी संध्याकाळी आईनं मला खाली नळावर बोलावलं. घागर भरत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "उद्या ती हितं नको."

मला कळलं. तरी मी विचारलं, "कोण?"

"मी तिला वाईट म्हणत न्हाय. गुणाची हाय. पण पावनं विचारणार, ही कोण, हिचा नवरा कुठं हाय. मग काय सांगू? पहिल्याच दिवशी सोडलेल्या बाईचं नाव कशाला मधी?"

"आई, सगळं तिनंच केलंय."

"म्हणून तर तुला सांगाय लावलंय. तू सांगितलंस तर तिला वाईट वाटायचं न्हाय."

मी 'नाही' म्हणू शकले असते. आई काही मारकुटी नव्हती, हट्टीही नव्हती. मी जोर केला असता तर ती गप्प बसली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मुलाचा फोटो मला आवडला होता आणि मला काही बिघडायला नको होतं. मी वर गेले.

आक्का स्टुलावर उभी होती, दातात दोऱ्याचं टोक. मी म्हटलं, "आक्का, उद्या माणसं जास्त येणारेत गं. खोली लहान."

तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मग दोरा दातातून काढून म्हणाली, "मी जातो की. दुकानात लगीनसराईचे ब्लाऊज पडल्यात ढीगभर." आमच्या भागात बाईमाणूसही येतो, जातो असंच म्हणतं. दुकान रविवारी बंद असायचं. ते तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. "हे टोक धर," ती म्हणाली. मी धरलं. तिनं राहिलेली माळ लावून पूर्ण केली.

रविवारी सकाळी आठ वाजता डबा घेऊन ती गेली. जाताना माझ्या साडीच्या निऱ्या नीट करून गेली.

पाहुणे आले. मुलगा फोटोपेक्षा साधा होता, मला बरा वाटला. मालकीणही घरचं मोठं माणूस म्हणून येऊन बसली होती. पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलाची आई मात्र भिंतीकडंच बघत होती. शेवटी त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, जवळ गेल्या आणि लोंब्यांवरून बोट फिरवलं.

"किती सुरेख! ही भिंत कुणी केली?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी."

कुणी मला शिकवलं नव्हतं तसं म्हणायला. आईनंही नाही. ते आपसूक तोंडातून आलं. त्यांनी विचारलं, "खिळे न मारता कसं गं बसवलंस?" आणि मी सांगत सुटले. आधी कागदी टेप, ती नरम असते, रंग ओढत नाही. आक्काची वाक्यं जशीच्या तशी. मालकीण बशी हातात घेऊन माझ्याकडं बघत होती. तिनं पोहे खाल्ले नाहीत.

"आमच्या घरी पण अशीच कर हो," मुलाची आई म्हणाली. तिथंच माझं लग्न ठरलं म्हणायचं.

आक्का पाच वाजता आली. पिशवीत कुंद्याचं, बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईचं, पाकीट होतं. माझ्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं असणार, काही न विचारता तिनं कुंद्याचा घास माझ्या तोंडात घातला आणि आईच्या पाया पडली. रात्रीची भांडी घासायला घेतली तेव्हा तिचा डबा हाताला जड लागला. उघडून बघितलं. भाकरी, झुणका, सगळं तसंच होतं.

पुढच्या आठवड्यात मुलाची बहीण बांगड्यांचं माप घ्यायला आली. आक्का कोपऱ्यात तिच्या शिलाई मशीनवर बसली होती, ओठांत टाचण्या धरून. ही मुलगी भारी बोलकी. खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "वहिनी, आई सारखं तुमच्या या भिंतीचंच सांगते. मला शिकवाल ना? तुम्ही एकटीनं तीन दिवसांत केली म्हणे."

मशीन थांबलं. मी उभी होते तिथंच उभी राहिले. आक्कानं एकेक करून टाचण्या ओठांतून काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाली, "शिकवंल की. हात लई चांगला हाय तिचा." मग मशीन पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर तिनं भिंतीला हात लावला नाही. माझ्याशी वागण्यात काही फरक नव्हता, हेच मला सोसेना. भाकरी करायची, माझी ओढणी इस्त्री करायची, लग्नाचे पाचही ब्लाऊज तिनंच शिवले. एकदा मी धीर करून म्हटलं, "आक्का, त्या दिवशी मी..." ती घागर घेऊन उठली. "नळ जाईल गं," म्हणाली.

लग्नाला आठ दिवस असताना मी लॅबमधून आले तर खोलीत फक्त माझं सामान होतं. भिंती मोकळ्या, स्वच्छ पोपटी, कुठं टेपचा मागमूस नाही. मालकीण म्हणाली, दुपारी गेली, भावाचं पोरगं आजारी हाय म्हणाली. लोंब्या गच्चीवर चिमण्यांना घालून गेली. काठांचे तुकडे परत आणून दिले. मी विचारलं, "मला काही निरोप?" मालकिणीनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "तू त्या दिवशी तिचं नाव घ्याला पायजे होतंस." पत्रिका दिली होती तरी आक्का लग्नाला आली नाही. तिचा फोन लागेना झाला.

माझा संसार चांगला चालला आहे. नवरा समंजस आहे. आम्ही आता हिंडलग्याकडं वेगळे राहतो, भाड्यानंच, आणि सासूबाई आमच्याकडं असतात. त्या पहिल्या दिवसापासून भिंतीचं विचारत होत्या. मी एकदा करून बघितली. कोन आणले, काठ आणले. माळा वाकड्या झाल्या आणि चौथ्या दिवशी दुपारी सगळं खाली आलं. मग मी नोकरीचं कारण सांगत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात न राहवून निपाणीला गेले, तिथून तिच्या गावी. भावाच्या बायकोनं उंबऱ्यातूनच सांगितलं की ती इचलकरंजीला असते, शिवणकाम करते, हितं येत न्हाय. पाणीही विचारलं नाही, नंबर मात्र दिला. मी बसस्टॉपवरच्या झाडाखाली उभी राहून फोन लावला.

"कोण?"

मी सांगितलं. पलीकडं मशीन चालू होतं, ते बंद झालं.

"बरी हाईस न्हवं?" तिनं विचारलं.

मी रडत रडत सगळं बोलले. तुला बाहेर घालवलं, तुझं काम माझं म्हणून सांगितलं. तिनं मधे थांबवलं नाही. मग हळू म्हणाली, "बाहेर घातलंस त्याचं काय न्हाय गं. मला सवय हाय त्याची. भावाच्या घरात बी पावनं आलं की मी मागच्या दारात असतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिवशी मी बस स्टँडवर बसलो होतो. निपाणीच्या गाड्या लागतात तिकडं पाठ करून, कोण वळखू नये म्हणून. अकरा वाजलं. मनात म्हटलं, आता पावनं आलं असतील. आता भीत बघितली असंल. आता विचारलं असंल, कुणी केली म्हणून. आता ही सांगत असंल, माझ्या आक्कानं केली. दिवसभर तेवढंच घोळवत बसलो बघ. भूकच लागली न्हाय. आपण न्हाय तर न्हाय, आपलं नाव तर तिथं हाय, असं वाटत होतं."

"आक्का..."

"ठेवतो. गिऱ्हाईक आलंय."

त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही. मी आठवड्यातून एकदा लावते. का लावते, मला सांगता यायचं नाही. उचललाच तर आणखी काय बोलणार आहे मी?

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मी खरं सांगितलं. त्या दारात उजेडाला तांदूळ निवडत बसल्या होत्या. ती भिंत मी केली नव्हती, माझ्या खोलीत एक बाई राहायची, तिनं केली होती, तिला नवऱ्यानं सोडलं होतं म्हणून आम्ही तिला त्या दिवशी बाहेर पाठवलं होतं. मला वाटलं त्या रागावतील, निदान तिचं नाव तरी विचारतील.

"म्हणजे तुला येत नाही होय?" त्या म्हणाल्या. "मग आधी सांगायचं ना. बाजारात तयार तोरणं मिळतात, एखादं आणू." आणि सुपातला एक खडा उचलून त्यांनी अंगणात टाकला.