अख्खी भाकरी

हॉलंडमधल्या फोरबर्गातल्या आमच्या छोट्या अंगणात तीनच दारं उघडतात. एक माझं, एक पुण्याच्या जोडप्याचं आणि समोरचं एका म्हाताऱ्या डच ज्यू गृहस्थांचं. मीही ज्यूच, पण कोकणातली बेने इस्राएल. घरात मराठी बोलणारी आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या नियमांबाबतीत बरीच सैल. शनिवारी मी बिनदिक्कत फोन बघते. आजोबा मात्र कडक. (त्यांना आजोबा मीच म्हणायला लागले. अर्थ कळल्यावर आठवडाभर रुसले होते.) शब्बाथला घराबाहेर काही वाहून न्यायचं नसतं, म्हणून शनिवारी दाराबाहेर पडताना त्यांच्या हातात साधी किल्लीसुद्धा नसते.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात तालमूद, म्हणजे ज्यू पंडितांच्या वादविवादांचा जुना धर्मग्रंथ, वाचतो. तो एकट्याने वाचायचा नसतो, समोर भांडायला कुणीतरी लागतं. आधी त्यांची बायको भांडायची. ती गेली आणि तिची खुर्ची माझ्याकडे आली. माझं हिब्रू यथातथाच आहे, पण भांडणात मी कमी पडत नाही.

मला खुपायचं ते त्यांचं शनिवारचं जेवण. बायको गेल्यापासून ते खिडकीशी बसून एकटेच थंड हेरिंग मासा खायचे आणि समोर मला घास उतरायचा नाही. "माझ्याकडे या ना," म्हटलं की ठरलेलं उत्तर. "रिकाम्या हाताने मी कुणाकडे जेवायला जात नाही. आणि भरल्या हाताने शनिवारी अंगण ओलांडता येत नाही."

मग आमचं वाचन नेमकं अंगणांपाशी आलं. एका अंगणातल्या ज्यू घरांनी आपली भाकर शुक्रवारी एका घरात ठेवली, तर सगळं अंगण मिळून एकच घर मानायचं. मग खुशाल सुपाचं पातेलं इकडून तिकडे न्या. फक्त तुकडा चालत नाही. केवढीशी का असेना, अख्खी हवी. नाहीतर 'मी अख्खी दिली, तू तुकड्यावर भागवलंस' म्हणून शेजारी भांडतील. हे लिहिणारा ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगला नक्की बसलेला असणार.

"ठरलं तर मग," मी म्हणाले.

"ठरलं नाही. अंगणात बिगरज्यू शेजारी असेल तर त्याचा हिस्सा आधी भाड्याने घ्यावा लागतो. नाममात्र काहीही देऊन."

आम्ही पुणेकरांचं दार वाजवलं. ते मराठीत, मी मराठीत आणि आजोबा मध्ये नुसते मान डोलवत.

"रेंट? पण ताई, आमचं हे घरच रेंटवर आहे," ते गृहस्थ गडबडले. "खेमेंटेला कळवायला लागेल का? माझं परमिट रिन्यूअलला आहे हो."

नगरपालिकेचा काही संबंध नाही हे पटल्यावर स्वारी एकदम खुलली. "अहो मग भाडं कसलं? अंगण तुमचंच समजा. फुकट वापरा!"

मी भाषांतर केलं आणि आजोबांनी कपाळावर हात मारला. फुकट चालत नाही. जुन्या पंडितांनी गृहीत धरलं होतं की शेजारी संशयी निघेल, भाडं घ्यायला नकार देईल. उदार शेजाऱ्याचा त्यांनी विचारच केला नव्हता. तोही पुण्याचा! आजोबांनी हेरिंग देऊ केला, तर पुणेकर शाकाहारी. शेवटी माझ्याकडच्या गुळाच्या खड्यावर व्यवहार झाला आणि भाडेकरू-मालकांनी तिथेच तो वाटून खाल्ला.

भाकर आजोबांच्या घरी राहणार होती आणि ज्या घरात ती ठेवतात त्याला वेगळी द्यावी लागत नाही, म्हणून द्यायची मी एकटीने. मी तांदळाची भाकरी थापली. आजोबांनी आनंदाने ग्रंथ उघडला: तांदळाची चालते, एका पंडिताच्या मते भरडधान्याची मात्र चालत नाही. तेवढ्यात पुणेकर ज्वारीची भाकरी घेऊन हजर. "आमचीही ठेवा की!" आता ज्वारी म्हणजे तेच भरडधान्य का? आम्ही दोघं कडाकडा भांडलो. निकाल लागेना. असा प्रश्न तालमूद प्रेषित एलियाहू येईपर्यंत तसाच ठेवून देतो. आम्हीही ती भाकरी माझ्या भाकरीशेजारी ठेवून दिली.

शनिवारी आजोबा कोट घालून, पातेलं दोन्ही हातांत धरून अंगण ओलांडून आले. सूप खारट होतं. पुणेकरांनाही मी वरणभाताला बोलावलं होतं. आजोबांनी तिसऱ्यांदा भात घेतला.

तेव्हापासून दर शुक्रवारी माझ्यामागे भाकरीचं लचांड लागलं, कारण ती शिळी होते. पावसापाण्यात, ऑफिसचा कॉल कानाला लावून मी ताटली घेऊन त्यांच्या दारात उभी. ते चहा करतात, मग तासभर सुटका नसते. परवा साखर शोधायला त्यांचं कपाट उघडलं तर समोर मात्झाचा सीलबंद डबा. बिनखमिराची कडकडीत कोरडी भाकर.

"हा चालला असता?" मी विचारलं.

"उत्तम चालतो. सगळे तोच ठेवतात. वर्षभर टिकतो."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

आजोबांनी माझ्या कपात शांतपणे चहा ओतला. "वर्षातून एकदा आली असतीस."

मी डबा जागच्या जागी ठेवला आणि कपाट लावलं. पुढच्या शुक्रवारची भाकरी जरा जाडच झाली. ते म्हणाले, अख्खी आहे ना, मग झालं.