आत्याच्या टाचेचं प्लास्टर

तुमची आत्या, म्हणजे माझी लेक, तीन वर्षांची झाली तरी तिची उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. ती सातव्या महिन्यात जन्मली. पायाला सैल पडण्याचा मेंदूकडचा निरोपच नीट पोचत नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. पोटरी कायम आवळलेली. उपाय असा, की पाऊल हळूहळू वर ताणायचं, तसंच धरून प्लास्टर घालायचं, दोन आठवड्यांनी ते काढून आणखी थोडं ताणायचं. तीन-चार वेळा करूनही टाच उतरली नाही तर ऑपरेशन. मला ऑपरेशनची धास्ती होती.

पहिलं प्लास्टर निभावलं. दुसरं ऐन मे महिन्यात घातलं. मेहरूणच्या आमच्या घरात तेव्हा दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. डॉक्टरांच्या सूचना मी इंग्रजीत लिहून कपाटाला चिकटवल्या होत्या. दर चार तासांनी तिची बोटं पाहून कागदावर खूण करायची. बोटं गुलाबी आणि उबदार असत. पहिले दोन दिवस मूल किरकिरेल, हेही लिहिलेलं होतं. पण चौथ्या दिवशीही ती रडतच होती.

"काढी टाक ते," सासूबाई म्हणाल्या. त्या धुळ्याकडच्या खेड्यातल्या, घरात अहिराणीच बोलत.

"आई, कागदावर दोन आठवडे लिहिलंय."

"तुना कागद रडस का? पोर रडी राहिनी."

मी ऐकलं नाही. सहाव्या दिवशी रडणं थांबलं. पोटरी सैल पडली असणार, असं मी धरून चालले. सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालेसुद्धा, "बघा, झाली ना सवय?"

आठव्या दिवशी सकाळी तिला कडेवर घेताना सासूबाई थबकल्या. खाली वाकून त्यांनी प्लास्टरला टाचेपाशी नाक लावलं. मग तो पाय माझ्यासमोर धरला. "घे वास."

फळीमागे उंदीर मरावा तसा वास होता.

आम्ही मिळेल त्या एसटीनं धुळ्याला निघालो. एरंडोलला ड्रायव्हर चहाला उतरला, पारोळ्याला पुन्हा उतरला. सासूबाई मला रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगी मात्र खिडकीतून बैल मोजत हसत होती, आणि ते हसणं मला ऐकवत नव्हतं.

डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. टाचेवर रुपयाएवढी कातडी काळी पडली होती.

"रडायची कधी थांबली?"

"परवा."

"तेव्हाच यायचं होतं, बाई. दाब बसून बसून तिथली जाणीवच गेली. आणखी चार दिवस थांबला असता तर हाडापर्यंत गेलं असतं."

जखम भरेपर्यंत श्रावण उजाडला. रोज मी पट्टी बदलायची आणि सासूबाई पाय धरायच्या. तोवर टाच पुन्हा होती तिथे वर चढली. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. टाचेखाली जास्त कापूस भरून प्लास्टर घालतो, घालू का, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी सासूबाईंकडे पाहिलं.

त्यांनी नातीची टाच तळहातात धरून पाहिली.

"घाला, भाऊ," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "पन आते पोरनाजोडे मी झोपसू. ती रडो, नही रडो, पाय मी देखसू."