घाटे सरांच्या सायकलीचं कॅरिअर

किलोमीटर मोबाइल मोजतो. किस्से मात्र कोणीच मोजत नाही, ते आपोआप साचत जातात. पोह्याच्या टपरीवर एक जण सुरू करतो, दुसरा मधेच "तसं नव्हतं, मी सांगतो" म्हणत त्याच्या हातातून किस्सा काढून घेतो, आणि प्लेटा रिकाम्या झाल्या तरी कोणी उठायला तयार नसतं. आमच्या चौघांचं तर वर्षानुवर्षं हेच चाललंय.

नागपुरात सायकलीचं वेड दिवाळीच्या थंडीबरोबर येतं आणि होळीला उतरतं. मग हेल्मेट खुंटीवर, सायकल बाल्कनीत आणि सायकलीवर ओले टॉवेल! आम्ही चौघं तेवढे मे महिन्यातही चालवतो आणि धो धो पावसातही. म्हणून लोक आम्हाला 'बारमाही' म्हणतात. काही जण दुसरंही काही म्हणतात, पण ते पाठीमागे.

एक मी, पंकज, मनीषनगरात राहतो आणि विमा ऑफिसात कागद पुढे सरकवतो. दुसरे सक्करदऱ्याचे दिनूभाऊ. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग, हे स्वतः सरकारी कचेरीत कारकून. तिसऱ्या डॉक्टर मॅडम, दातांच्या. आणि चौथे आमच्याच गल्लीतले घाटे सर, शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. मॅडमची सायकल कार्बनची, फुंकर मारली तर उडेल अशी. आम्हा तिघांच्या स्टीलच्या. सरांची तर लग्नाच्या आधीची, निळी.

आणि गेलं वर्षभर आमच्यात एकच टेन्शन होतं : ती निळी सायकल राहते की जाते?

*

मी माझी सायकल घेतली तेव्हाची गोष्ट. खालच्या मजल्यावरचे काका गाडी पुसता पुसता थांबले आणि सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"स्टँड?"

"नसतो काका. रोड बाइक आहे."

"मडगार्ड?"

"नसतं."

"कॅरिअर?"

"तेही नसतं."

"घंटी तरी?"

मी नुसती नकाराची मान हलवली. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "काही हरकत नाही. हळूहळू घे एकेक. सगळं एकदम कोणाला जमतं?"

*

सरांच्या सायकलीचं संकट सुरू झालं ते गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. जुन्या सायकली अशाच, गिअर बदलायचा खटका हँडलवर नाही, खाली दांडीवर. म्हणजे एक हात सोडून खाली वाका. सरांनी पावसात, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हात सोडला आणि सायकल खालून निघून गेली. मनगट मोडलं.

मुलगा नितीन पुण्याहून धावत आला. प्लास्टर बघून त्यानं जाहीर केलं, "बाबा, बास. सायकल विकायची."

सर म्हणाले, "दोष सायकलीचा नाही, खटक्याच्या जागेचा आहे."

"बाबा, तुमचं वय..."

"वयाचा खटका कुठे असतो, सांग. तोही बदलून घेऊ!"

शेवटी काकूंकडे अपील गेलं. काकू म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. घरातला कुठलाही निकाल त्यांच्या सहीशिवाय लागत नाही. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या दिवाळीला बघू."

म्हणजे सरांना एक वर्ष मिळालं. त्या वर्षात सायकल इतकी सुधारायची की नितीननं नाही म्हणता कामा नये. सरांनी प्लास्टर असतानाच कामाला सुरुवात केली. खटका हँडलवर आला. मागे मोठं चक्र बसलं, त्यामुळे चढ सोपा झाला. काडीसारखे टायर जाऊन चांगले अंगठ्याएवढे जाड टायर आले. स्टीलच्या जुन्या फ्रेमनं सगळं निमूटपणे सामावून घेतलं. दर वेळी सर सायकल अंगणात उभी करायचे, काकू बाहेर येऊन बघायच्या आणि "हं" म्हणून आत जायच्या.

त्या "हं"चा अर्थ लावण्यात आमचा हिवाळा गेला.

*

त्याच हिवाळ्यात डॉक्टर मॅडमना वजन कमी करायचं खूळ लागलं. स्वतःचं नाही, सायकलीचं. बाटलीचा पिंजरा बदलला, सीट बदलली, शेवटी सगळे बोल्ट बदलून हलके आणले. टपरीवर येऊन सांगायला लागल्या, "नुसत्या बोल्टमध्ये पन्नास ग्रॅम वाचले!"

आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात पोहे आले. मॅडमनी त्यावर तर्री घेतली, चणे घेतले, परत तर्री घेतली. मग दुसरी प्लेट. मग "थोडंसंच" म्हणत संत्रा बर्फी.

दिनूभाऊ मान खाली घालून खात होते. न राहवून म्हणाले, "म्याडम, बोल्ट परत लावून घ्या गड्या. सायकल बिचारी काहून उपाशी ठेवता?"

*

मे महिन्यात आम्ही अंधारात निघतो आणि ऊन तापायच्या आत परततो. तरी डोकं भाजतंच. दिनूभाऊंनी त्यावर उपाय काढला. घरच्या कूलरच्या ताटीतला मूठभर वाळा काढला, पाण्यात भिजवला आणि हेल्मेटच्या आत बसवला. वारा लागला की गार!

"काय मस्त वाटून राहिलं म्हणून सांगू! डोक्यात कूलर चालू हाय!" सगळ्या रस्त्यानं वाळ्याचा वास दरवळत होता. आम्ही मुद्दाम त्यांच्या मागून चालवत होतो.

टपरीवर पोचलो. दिनूभाऊंनी हेल्मेट ओट्यावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. परत आले तर टपरीवाल्याची शेळी हेल्मेटात तोंड घालून उभी.

"ए! ए! माहा कूलर खाऊन राहिली ना बे!"

शेळीनं मान वर केली, शांतपणे चघळलं आणि परत तोंड आत घातलं. टपरीवाला हसून हसून खाली बसला. म्हणाला, "खाऊ द्या भाऊ. उन्हाळा तिलेबी हाय."

*

पाऊस लागला आणि सरांच्या घरी पाठ-तपासणी सुरू झाली. मडगार्ड नसलं की मागचं चाक चिखलाची एक रेघ थेट पाठीवर काढतं. सर फाटकातून आत आले की काकू पायरीवर उभ्या. "पाठ दाखवा." सर शाळेतल्या पोरासारखे वळायचे. सदरा थेट बादलीत आणि वर "हं". हा "हं" वेगळा होता, त्याचा अर्थ लगेच लागायचा.

सरांनी दुसऱ्याच दिवशी पुढे-मागे लांब मडगार्डं लावली. पाऊस असूनही मोठ्या ऐटीत निघाले. परतल्यावर न सांगता वळले. पाठ पांढरीशुभ्र!

काकू म्हणाल्या, "आता तोंड दाखवा."

सर वळले. कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखल. सगळा रस्ता ते दिनूभाऊंच्या मागून आले होते आणि दिनूभाऊंच्या सायकलीला मडगार्ड नव्हतं.

संध्याकाळी दिनूभाऊंना फोन गेला. काकू एवढंच म्हणाल्या, "दिनूभाऊ, तुम्ही मडगार्ड लावता की यांचे सदरे धुवायले तुमच्याकडे पाठवू?"

*

दिनूभाऊंनी मडगार्ड लावलं, पण त्या पावसाळ्यात त्यांना दुसऱ्याच गोष्टीनं गोत्यात आणलं. हँडलवरची पट्टी फाटली होती. बाजारातली घेतील ते दिनूभाऊ कसले! आईच्या मागावर पातळाच्या काठाचा तुकडा उरला होता, लालबुंद. तो त्यांनी हँडलला असा गुंडाळला की सायकल नवरीसारखी दिसायला लागली. आईला दाखवली तर ती म्हणाली, "रंग पक्का नाई हाय त्याचा." यांनी ऐकलं नाही.

सोमवारी ऑफिसला सायकलनंच निघाले. वाटेत जोराचा पाऊस. कचेरीत पोचले तेव्हा दोन्ही तळवे लाल. बेसिनवर जाऊन धुवायला लागले तर पाणी गुलाबी! चोळताहेत आणि पाणी अजून गुलाबी होतंय.

लाच घेणाऱ्याला पकडताना नोटांना पावडर लावलेली असते आणि हात धुतले की पाणी गुलाबी होतं, हे त्या कचेरीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ. बेसिनपाशी आलेला पहिला माणूस तिथूनच मागे फिरला. दुपारपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. कोणाची सासू आजारी, कोणाच्या घरी पाइप फुटला.

शेवटी साहेबांनी दिनूभाऊंना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खालच्या आवाजात विचारलं, "दिनू, माझं नाव तर नाही ना घेतलं?"

*

नवरात्र आलं, दिवाळी जवळ आली आणि आम्हाला सरांची काळजी वाटायला लागली. खरंच वाटायला लागली. चौघांतला एक गेला की टपरीवरची ती मजा जाते, हे कोणी बोलत नव्हतं एवढंच. मी एकदा धीर करून काकूंना विचारलं, "आता सायकलीत अजून काय कमी आहे?"

काकूंनी सायकलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कॅरिअर."

डॉक्टर मॅडमनी कपाळावर हात मारला. रोड बाइकला कॅरिअर! पण सरांना सायकल वाचवायची होती. त्यांनी नाजूक, सुंदर, ॲल्युमिनियमचं कॅरिअर मागवलं आणि बसवलं. काकू बाहेर आल्या, त्यावर दोन्ही हात ठेवून दाबलं. कॅरिअर कुरकुरलं.

"हे चालणार नाही."

"अगं, भाजीची पिशवी तर ठेवायची," सर म्हणाले.

"भाजी जड असते."

मग सर वेल्डरकडे गेले आणि जाड सळीचं कॅरिअर बनवून आणलं. दूधवाल्याच्या सायकलीला शोभेल असं. काकूंनी परत दाबून पाहिलं. मग अंगणातली तुळस कुंडीसकट उचलून त्यावर ठेवली आणि हलवून पाहिली. "हं," म्हणाल्या.

दिनूभाऊ मला हळूच म्हणाले, "पंकजभाऊ, काकू काय कोहळे आणून राहिल्या का बाजारातून?"

*

दिवाळीला नितीन आला. सायकलीचे फोटो त्यानं आधीच 'विकणे आहे' म्हणून मोबाइलवर टाकले होते, गिऱ्हाइकाचा फोनही येऊन गेला होता. सरांचा चेहरा इतका उतरला की मलाच राहवेना. मी नितीनला म्हटलं, "एकदा त्यांना चालवताना तर बघ."

ठरलं. भाऊबीज झाली की रविवारी खापा गावापर्यंत जाऊन यायचं. आम्ही चौघं सायकलवर, मागून नितीन गाडीत, आणि मागच्या सीटवर काकू, मांडीवर कापडी पिशवी घेऊन.

सर त्या दिवशी काय चालवत होते! सावनेर रोडला वारा समोरून होता, तरी चेहऱ्यावर एक आठी नाही. खाप्याला कन्हानच्या पुलावर थांबून त्यांनी नदीकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेवटचीच असेल तर चांगली झाली." डॉक्टर मॅडम पटकन दुसरीकडे बघायला लागल्या. दिनूभाऊंनी तेवढ्यापुरती उगाचच चेन तपासली.

परत आलो. सरांना दम लागला नव्हता, नितीननं तसं कबूलही केलं. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडीची काच खाली करून म्हणाला, "बाबा, तुम्ही मस्त चालवता. प्रश्न तुमचा नाही, रस्त्यांचा आहे. त्या माणसाला मी उद्या बोलावतो."

सर म्हणाले, "बरं."

तेवढ्यात पुढे सिमेंट रोडचं काम करणारा मिक्सरचा ट्रक रस्त्यावर आडवा लागला. एका बाजूला खणलेलं, दुसऱ्या बाजूला फक्त एक माणूस जाईल एवढी जागा. मागे आठ-दहा गाड्या येऊन उभ्या. नितीनची गाडी ना पुढे ना मागे. आम्ही सायकली हातात धरून पलीकडे गेलो. पलीकडे नवा कोरा रस्ता, मोकळा, थेट सरांच्या फाटकापर्यंत.

गाडीचं मागचं दार उघडलं. काकू उतरल्या. ट्रकच्या कडेनं पदर सावरत सावकाश आमच्याकडे आल्या. पिशवीतून घडी घातलेली सतरंजी काढली. कॅरिअरवर ठेवली. दोन्ही हातांनी दाबून नीट बसवली.

"आई! तू काय करून राहिली?" नितीन गाडीतून ओरडला.

काकू एका बाजूला पाय घेऊन कॅरिअरवर बसल्या, एक हात सरांच्या कमरेभोवती टाकला.

"चला हो. नळ जाईल."

सरांनी एकदा मागे पाहिलं, एकदा पुढे. मग पेडल मारलं. निळी सायकल जराशी डुलली आणि सरळ झाली.

थोडं पुढे गेल्यावर काकूंनी मान वळवली आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "नितीन, येतानी गाडीतून भाजी तेवढी घेऊन येजो गा!"