गॅलरीतल्या पिवळ्या पिशव्या

आमच्या कॉलनीत कुणीतरी असं आहे, ज्याने एका दिवसात माझ्या दोन्ही किडन्या निकामी केल्या! नाव घेत नाही. घ्यायची इच्छा दांडगी आहे, पण ते कोण, हेच अजून कळलेलं नाही.

हसू नका हो! चहा ओता, बशीत घ्या, आणि माझी फजिती नीट ऐका.

प्लास्टिकची बाटली दिसली की माझं डोकं फिरतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लळिंगच्या किल्ल्यावर दगडांपेक्षा बाटल्या जास्त! म्हणून मी ठरवलं, मी शिकवतो त्या कॉलेजच्या मुलींचा ट्रेक काढायचा, आणि तोही प्लास्टिकबंदीचा. रविवार ठरला. मुलींना घरून सोडवणं सोपं आहे का? महिनाभर घरोघर फिरलो. हर्षदाच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, तर प्रत्येक वेळी चहा पाजून "बघू" एवढंच म्हटलं. पण शेवटी सगळे 'हो' म्हणाले. धुळ्यात क्रांती झाली, असं मला वाटलं.

आता पाणी कशात न्यायचं? त्यासाठी सॅकमध्ये बसणाऱ्या पाण्याच्या पिशव्या असतात. पिशवी पाठीवर, तिची लांब नळी खांद्यावरून तोंडाशी. चालता चालता ओढायचं. बंद पडलेल्या एका शिबिराच्या डझनभर पिशव्या मला स्वस्तात मिळाल्या. स्वस्तात का, ते घरी उघडल्यावर कळलं. आत काळी बुरशी, आणि वास असा की आमचं मांजर घर सोडून गच्चीवर राहायला गेलं!

आई पहूरला मावशीकडे गेलेली. स्वयंपाकघर माझंच! शुक्रवारी सकाळपासून लागलो. आधी सोडा आणि गरम पाणी. मग पायजम्यात नाडी ओवतात तशी प्रत्येक नळीतून चिंधी ओढली. शेवटी वास जाण्यासाठी पातेलंभर लिंबूपाणी केलं, पिशव्यांत अर्धं अर्धं भरलं आणि पिशव्या गॅलरीतल्या दोरीला टांगल्या. एक रात्र मुरू दे, मग सुकवू.

लिंबूपाणी ढवळायला मी आईचा लाकडी डाव घेतला होता. वर्षानुवर्षं वरणाची हळद प्यालेला तो डाव. पाणी जरासं पिवळं झालं. झालं तर झालं, मला काय त्याचं?

आता तुम्ही रस्त्यावरून आमच्या गॅलरीकडे बघा. ओळीने लटकलेल्या पिशव्या. आत पिवळं पाणी. खाली लोंबणाऱ्या नळ्या. तुम्हाला काय वाटेल?

तेच सगळ्यांना वाटलं. मला सोडून!

शनिवारी सकाळी मागच्या गल्लीतले आबा शहाळं घेऊन आले. दोरीकडे बघत खुर्चीत बसले.

"भाऊ, कधीपाईन शे हाई?"

मला भरून आलं. पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःहून माझ्या प्लास्टिकविरोधी कामाची चौकशी करत होतं!

"दोन वर्षं झाली, आबा."

"दोन वरीस! आन आमले सांगं बी नही?"

"सगळ्यांना सांगतो! कुणी मनावरच घेत नाही."

आबांनी डोळे टिपले. "रोज लावनी पडस का?"

"छे! डोंगरावर जातानाच. घरी तांब्या असतो ना."

आबांनी मी दिलेला पाण्याचा तांब्या हळूच खाली ठेवला.

तेवढ्यात अक्का आल्या. अक्का म्हणजे आईची आत्या, दोंडाईच्याहून पहिल्या एसटीने. हातात कॅरीबॅग, कॅरीबॅगेत ग्लुकोजची बिस्किटं. मी "या, बसा" म्हणण्याआधी कॅरीबॅगवरच व्याख्यान दिलं! अक्का रडायला लागल्या. मला वाटलं, पश्चात्ताप झाला.

"रडू नका, अक्का. सुरुवातीला सगळ्यांनाच अवघड जातं. मग सवय होते. उद्या तर मुलींनाही लावणार आहे."

"पोरीस्ले बी?" आबा उभेच राहिले.

"मग! आत आता घाण उरलेलीच नाही. हे बघा!"

आणि मी एक पिशवी उतरवली, नळी तोंडात धरली आणि मोठा घोट ओढला. आंबट लागलं, तोंड वाकडं झालं. तरी म्हटलं, "वा!"

"माय वं! पोऱ्यानी पिई लिधं!" अक्का किंचाळल्या.

मी थांबलो का? नाही! शिकवण्याची हौस. "आता नळी सुकवायची कशी, ते बघा," म्हणत मी नळी पिशवीपासून सोडवली आणि ज्वारीवरची पाखरं हाकलायला गोफण फिरवतात तशी डोक्यावर गरगर फिरवली. नळीतलं उरलेलं पाणी थेट अक्कांच्या अंगावर!

अक्का बाथरूममध्ये ज्या शिरल्या, त्या अर्धा तास बाहेर आल्या नाहीत. आबा जिना उतरून पळाले. शहाळंही परत घेऊन गेले.

दुपारपासून फोन सुरू झाले. "सर, आमची नाही येणार." "पाहुणे येणारेत, सर." "तुम्ही तब्येतीला जपा, सर." माझ्या तब्येतीचं काय मध्येच? मी चिडून प्रत्येकाला समाजाच्या उदासीनतेवर सुनावलं. मग हर्षदाचा फोन आला. तिनेच सांगितलं.

"सर, घरी म्हणतात तुमच्या दोन्ही किडन्या गेल्या. दिवसाला डझनभर पिशव्या लागतात. आणि... आणि तुम्ही ते पिता!"

मी गॅलरीकडे वळून बघितलं. पहिल्यांदा रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांनी.

आईला फोन लावला. निदान ती तरी धीर देईल! सगळं ऐकून ती म्हणाली, "माझ्या डावाला हात लावलास?"

महिनाभराची मेहनत अशी पाण्यात जाऊ द्यायची? पिशव्या रिकाम्या केल्या, धुतल्या. त्यांच्या आतल्या बाजू चिकटू नयेत म्हणून पळ्या, उलथणं, रवी, सापडेल ते आत घालून तोंडं उघडी ठेवून सुकवल्या. संध्याकाळी एक पिशवी पाठीवर टाकून पुन्हा घरोघर. प्रत्येक घरी त्यांच्याच माठाचं पाणी भरायचं, सगळ्यांसमोर प्यायचं, किडन्या शाबूत असल्याची शपथ घ्यायची. शेवटच्या घरी मलाच विचारावं लागलं, "काकू, बाथरूम कुठे आहे?" काकूंनी काकांकडे 'बघा, मी म्हणत नव्हते?' अशा नजरेने पाहिलं!

पण रविवारी पहाटे किल्ल्याच्या पायथ्याशी सगळ्या मुली हजर! माझ्या पिशवीला मात्र एकीनेही हात लावला नाही. कुणाकडे स्टीलची बाटली, कुणाकडे आजीचा फिरकीचा पितळी तांब्या. मी एकटाच नळीवाला. हरकत नाही! मी दगडावर चढलो आणि प्लास्टिक पृथ्वीचं कसं वाटोळं करतंय, यावर तावातावाने बोललो. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

हर्षदाला स्कूटरवर सोडायला आलेले नाना तेवढे माझ्या पाठीकडेच बघत होते. ते जवळ आले, माझ्या पाठीवरची पिशवी त्यांनी दोन बोटांत धरून चुरगाळून बघितली आणि म्हणाले,

"भाऊ, मंग हाई काय कपाशीनी शे का?"