दोन खुर्च्या, एक गाणं

दादाच्या सलूनमध्ये दाढीला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, तर उत्तर मिळायचं, "एक गाणं." दोन खुर्च्या, दोन सख्खे भाऊ आणि मधल्या फळीवर जुना कॅसेटप्लेअर. गाणं सुरू झालं की दोघांचे वस्तरे एकदम गालाला लागत आणि ड्रमचा शेवटचा ठोका पडला की दोघं एकदम वस्तरा पुसत. ज्यांना दाढी करायची नसे असेही रिकामटेकडे बाकावर बसून हा खेळ बघत. दादा मान डोलवायचा नाही, गुणगुणायचा नाही. सगळा ठेका मनगटात. नवखा माणूस गळ्यावर वस्तरा आला की डोळे घट्ट मिटून घ्यायचा. दुसऱ्या खेपेला तोच ऐटीत सांगायचा, "आज ते दुसरं लावा."

गाणी मात्र कायम एकाच बँडची. चौघांचं पोस्टर आरशाशेजारी लावलेलं होतं, कडांनी पिवळं पडलेलं. गाणारा तो लांब्या, मुलाखतीत तोंड न उघडणारा बेसवाला तो मुका, गिटारवाला नुसताच गिटारवाला, आणि मागे ड्रमवर दाढीवाला. दादाचा जीव दाढीवाल्यावर. न्हाव्याला साऱ्या दुनियेत आवडून आवडून हाच आवडावा, ही थट्टा धाकट्या भावाने इतक्यांदा केली होती की आता कुणी हसतही नसे.

बँडमधली माणसं बदलत गेली. आधी मुका गेला, मग गिटारवाले बदलले, दादाने फार मनावर घेतलं नाही. पण एक दिवस दाढीवाला गेला. बँडने जाहीर केलं, 'मतभेदांमुळे.' दादाच्या डोक्यात तिडीक गेली. "कसले डोंबलाचे मतभेद? लांब्याने काटा काढला त्याचा!" असं म्हणत त्याने पोस्टरवरच्या लांब्याच्या तोंडावर चिकटपट्टी मारली. ती आजतागायत तिथेच होती.

यावरून त्याचं आणि निवृत्त पोस्टमनचं दर आठवड्याला वाजायचं. पोस्टमन त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि बँडवेडा. तो म्हणायचा, "नाव तेच ना? मग बँड तोच. मी गेलो म्हणून पोस्ट बंद पडलं का?"

"बाकीचे गेले तर कपडे बदलले," दादा म्हणायचा. "ड्रमवाला गेला तर माणूसच बदलला. आणि ज्याने तो बदलला त्याला मी मरेपर्यंत माफ करणार नाही."

एवढं खुनशी प्रेम दादाने घरच्यांवरही केलं नसेल.

मग बँडने जुनीच गाणी नव्या माणसांकडून पुन्हा वाजवून घेतली. पोस्टमनने ती कॅसेट आणून दिली आणि दादाने ती लावली, अर्थात चुका काढायलाच. गाणं संपलं तेव्हा धाकटा वस्तरा पुसत होता आणि दादाच्या गिऱ्हाइकाची हनुवटी अजून फेसात होती.

"धावतोय हा पोरगा!" दादा खेकसला. "ठेका सांभाळता येत नाही आणि ड्रम वाजवायला बसलाय! आणि तू पण लागलास का त्याच्यामागे धावायला?"

बाकावरचे सगळे हसले. धाकटा हसला नाही. तो दादाच्या हाताकडे बघत होता.

त्यानंतर असं वरचेवर होऊ लागलं. एका गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली गेली; दादाने खापर त्या नव्या ड्रमवाल्यावर फोडलं. घरी शर्टाची बटणं लावता लावता त्याचे नाकी नऊ येऊ लागले. बायको पुढे यायची आणि बटणं लावून द्यायची. एकदा ती म्हणाली, "अहो, तुमची सही हल्ली मुंगीएवढी झालीय." त्याने ते हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी जेवताना त्याला वडिलांची आठवण झाली. दुकान वडिलांनीच उभं केलेलं. शेवटची काही वर्षं ते कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीवर टॉवेल टाकून बसायचे आणि टॉवेलखाली त्यांची बोटं सारखी हलायची. लहान असताना दादाला वाटायचं, बाबा मनातल्या मनात गाणं वाजवतायत. त्या बोटांकडे बघत बघतच तो ठेका शिकला होता. पुढचा विचार त्याने केला नाही, पाणी पिऊन उठला.

धाकट्याने मात्र एक दिवस विषय काढलाच. "दादा, तू नुसते केस काप. दाढ्या मी बघतो."

"का?"

"उगाच. गर्दी वाढलीय."

गर्दी कुठली! दोन माणसं बाकावर पेंगत होती. दादाला एकदम लांब्या आठवला. लांब्यानेही असंच केलं असणार. आधी गोड बोलून एकेक काम काढून घेतलं असणार, मग खुर्ची. रात्रंदिवस त्याला तेच दिसू लागलं. पाठचा भाऊ, ज्याच्या हातात त्याने स्वतः वस्तरा दिला, तो त्याला दुकानातून काढायला निघाला होता. बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "भाऊजी तसे नाहीत हो," आणि डोळे पुसत आत गेली. ती का रडली हे दादाने विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या शनिवारी सकाळी पोस्टमन दादाच्या खुर्चीत बसला, शेजारच्या खुर्चीत कोपऱ्यावरचा औषधवाला; बाक अजून रिकामा होता. धाकटा पुढे झाला, "पोस्टमनभाऊ, तुम्ही माझ्याकडे या."

"हात लावू नकोस," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आज होऊन जाऊ दे. ती नवी भिकार कॅसेट काढ आणि दाढीवाल्याची लाव. बघू कोण मागे पडतं ते."

धाकट्याने खाली मान घालून कॅसेट बदलली.

गाणं सुरू झालं. दाढीवाल्याचा तो ठोका ऐकून दादाला बरं वाटलं. यातला कणन् कण त्याला पाठ होता. पहिलं कडवं म्हणजे उजवा गाल, दुसरं म्हणजे डावा. त्यानंतर ड्रम एकटाच गडगडतो, तेव्हा मान वर करून वस्तरा गळ्यावर. इतकी वर्षं हे असंच चालत आलेलं.

ड्रम गडगडला तेव्हा दादा डाव्या गालावरच होता.

त्याला वाटलं, मधे कुठे चुकलं असेल. त्याने मनगटाला घाई केली. पोस्टमनची मान मागे केली आणि वस्तरा गळ्याला लावला. हात पुढे जायला हवा होता, तो जागच्या जागी थरथरला. पांढऱ्या फेसात एक तांबडी रेघ उमटली आणि हळूहळू पसरू लागली. खुर्चीच्या हातावर पोस्टमनची बोटं आवळली गेली.

शेवटचा ठोका पडला.

दादाने आरशात पाहिलं. औषधवाल्याचा गळाही तसाच फेसात होता. धाकट्याने त्याच्या गळ्याला वस्तरा लावलाच नव्हता. दादा मागे पडतोय हे पाहून तो मुद्दाम थांबला होता, हातातला वस्तरा तसाच हवेत धरून. औषधवाल्याने दादाच्या हाताकडे एकदा नीट पाहिलं आणि लगेच नजर वळवली. औषधं विकणाऱ्या माणसाने अशी नजर वळवली की पुढे विचारायचं काही उरत नाही.

ड्रमवाला तोच होता. कॅसेट तीच होती. दादाने वस्तरा फळीवर ठेवला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"वहिनीने सांगितलं. बटणांचं." धाकटा फळीवर तुरटी शोधू लागला. "बाबांचा कंपवात पण बटणांपासूनच सुरू झाला होता, दादा."

धाकट्याने पोस्टमनच्या गळ्याला तुरटी लावली आणि दोघांच्याही उरलेल्या दाढ्या स्वतःच पुऱ्या केल्या. कुणी गाणं लावलं नाही. दादा कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला. हात लपवायला त्याने मांडीवर टॉवेल ओढला, मग आपण काय केलं हे लक्षात येऊन तो फेकून दिला.

"लोकांना काय सांगणार आहेस?" त्याने विचारलं.

"सांगेन, हात दुखतोय म्हणून."

"हाताचं नाव काढायचं नाही. न्हाव्याच्या हाताबद्दल असं बोललं जाता कामा नये." तो थांबला. "सांग, आमचं पटेना. मतभेद झाले."

"दादा, सगळे मला शिव्या घालतील. म्हणतील, सख्ख्या भावाला बाजूला सारलं."

दादाने पोस्टरवर आधी दाढीवाल्याकडे, मग लांब्याकडे पाहिलं. "घालतील," तो म्हणाला. "मी नाही का घातल्या इतकी वर्षं?"

पोस्टमन गळ्यावर कापसाचा बोळा दाबत उठला. "माझी काळजी करू नकोस. दुसऱ्याची पाकिटं फोडायची सवय नाही मला." औषधवाला मान हलवून निघून गेला.

दादा उठून पोस्टरपाशी गेला. लांब्याच्या तोंडावरची चिकटपट्टी त्याने नखाने उचकटायला घेतली. पण कड काही नखात येईना. बोटं कागदावर नुसतीच टकटक करत राहिली, ठेक्यात, आणि गाणं तर केव्हाच संपलं होतं.